चर बुजवण्याआधी : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
सिंधुदुर्गनगरी, ओरोस.

विषय : जिल्ह्यात जमिनीखाली घातल्या जाणाऱ्या लोखंडाच्या संरक्षणाबाबत.

महोदय,

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. पुतळा पडण्याच्या सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इथल्या कार्यालयाने नौदलाला लेखी कळवले होते, की पाऊस आणि खारे वारे यांमुळे पुतळ्याचे नटबोल्ट गंजत आहेत. पुढे सांगाड्याच्या रचनेबद्दल आणि जोडकामाबद्दलही प्रश्न उभे राहिले. दोष कुणाचा, हे तपासयंत्रणा आणि न्यायालय पाहील. मला त्यातली एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. तो गंज उघड्यावर होता. रोज शेकडो पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढत होते, तो कागदावरही नोंदला गेला होता, आणि तरीही उपाय व्हायच्या आत घात झाला. मग जे लोखंड कुणाच्याच नजरेला पडत नाही, त्याची वास्तपुस्त आपण कशी करणार आहोत?

आपल्या जिल्ह्यात असे लोखंड पुष्कळ आहे आणि दरवर्षी त्यात भर पडते. नळपाणी योजनांच्या वाहिन्या, त्यांचे व्हॉल्व्ह आणि बोल्ट, विजेच्या खांबांची बुडे, भूमिगत केबलवरचे पोलादी कवच, रोहित्रांचे अर्थिंग, पेट्रोल पंपांच्या टाक्या, मोबाइल टॉवरच्या पायातले अँकर बोल्ट, जेटीचे खांब, सगळे मातीत किंवा चिखलात. २०१९ साली जलजीवन मिशन आल्यापासून वाडीवाडीत चर खणले गेले, आणि २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेला २०२८पर्यंत मुदत मिळाली आहे. मे २०२१मधल्या तौक्ते वादळाने खांब आडवे केले, घरे दिवसेंदिवस अंधारात राहिली, आणि तेव्हापासून किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखाली न्याव्यात ही मागणी जोर धरते आहे. मागणी रास्तच आहे. पण वाऱ्यापासून वाचवलेली वस्तू मातीच्या हवाली करताना माती तिचे काय करते, हेही विचारात घ्यायला हवे.

माझी विनंती सुरुवातीलाच सांगतो. जिल्ह्यात सरकारी पैशाने कुठेही लोखंड पुरायचे असेल, तर त्याच्या संरक्षणाची तरतूद अंदाजपत्रकातच असावी, आणि ती प्रत्यक्षात झाल्याची तपासणी झाल्याशिवाय चर बुजवू नये.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. गंज हा आठवी-नववीच्या पुस्तकातला धडा आहे. पण त्या धड्यात लोखंडाचा खिळा पाण्याच्या परीक्षानळीत असतो. मालवणच्या जमिनीत तो धडा बराच पुढे जातो.

इथली एखादी वाहिनी डोळ्यांसमोर आणा. ती डोंगरातल्या विहिरीवरून किंवा तळ्यावरून निघते. पहिला टप्पा जांभ्याचा : सच्छिद्र, हवा खेळती, पाणी झिरपून जाणारे. पुढे ती रस्त्याखाली शिरते, तिथे माती दाबलेली, हवा कमी. मग मळ्यातली चिकणमाती, आणि शेवटी खाडीकाठचे खाजण, जिथे भरतीचे खारे पाणी बाराही महिने जमिनीत मुरलेले. लोखंड एकच, पण त्याच्या भोवतीची जमीन चार प्रकारची. जिथे प्राणवायू भरपूर तो भाग आणि जिथे तो कमी तो भाग यांच्यात विजेचा दाब तयार होतो. अखंड पाइप हीच तार, ओली जमीन हे बॅटरीतले द्रावण. या बॅटरीत हवा कमी असलेली बाजू झिजते. म्हणून पाइप वरून चांगला दिसतो आणि चिखलात टेकलेल्या तळाला भोक पडते. डांबरी रस्त्याच्या मधोमध पाणी वर येते आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीतला पाइप धडधाकट निघतो, तेव्हा ठेकेदाराने माल वाईट घातला असे आपण म्हणतो. कधी ते खरेही असते. पण माल चांगला असला तरी ही बॅटरी चालूच राहते.

खाजणातल्या चिखलाचा आणखी एक गुण आहे. तिथे खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून लोखंड वाचेल असे वाटते. पण त्या चिखलात प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू असतात. ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, सल्फाइड तयार करतात आणि लोखंडाचा नाश करतात. खाडीकाठच्या एका वाडीत फुटलेल्या वाहिनीचा तुकडा मी हातात घेऊन पाहिला आहे. वरच्या बाजूला कंपनीचा काळा लेप तसाच चकचकीत होता. तळाला बोराएवढा तांबूस फुगवटा आला होता. तो पेचकसाने खरवडला तेव्हा आत काळा, ओलसर लगदा निघाला, नासक्या अंड्याचा वास सुटला, आणि लगदा पुसल्यावर मुगाच्या दाण्याएवढे आरपार भोक दिसले. बाकीच्या पाइपची जाडी जवळपास नव्यासारखी होती. त्या एवढ्याशा भोकापायी अख्खी वाडी पाण्यावाचून राहिली.

लेपाला चरा पडला होता तिथेच ते भोक होते. पाइप चरात उतरवताना दोर घासतो, बुजवताना चिऱ्याचे धारदार तुकडे अंगावर पडतात, आणि लेप एखाद्या ठिकाणी उघडा पडतो. मग मोठ्या क्षेत्रावर वाटली गेली असती ती झीज त्या टीचभर जागेवर एकवटते. निष्काळजीपणे घातलेला लेप कधीकधी उघड्या पाइपपेक्षाही लवकर भोक पाडतो. जी.आय. पाइपचेही तसेच. त्याच्यावर जस्ताचा पातळ थर असतो, पण प्लंबरने आटे पाडले की तो थर तिथे कापला जातो. गळती आट्यांपाशीच का सुरू होते, याचे उत्तर यात आहे.

दुरुस्तीच्या आपल्या पद्धतीतही एक दोष आहे. जुन्या वाहिनीचा फुटका तुकडा कापून मध्ये नवा कोरा तुकडा बसवला, की तो दहा-वीस वर्षे चालेल असे आपण धरतो. प्रत्यक्षात जुना गंजलेला पाइप आणि नवे झळझळीत पोलाद एकत्र आले, की झीज नव्याच्या वाट्याला येते. जुन्याच्या शेजारी नवा तुकडा आधी फुटतो. तांब्याचे अर्थिंग लोखंडी वाहिनीला धातूने जोडले गेले तरी हेच होते : तांबे सुखरूप, लोखंड खर्ची. आणि वेगवेगळ्या खात्यांच्या चरांचा परस्परांना पत्ता नसतो, म्हणून असे जोड आपसूक होतात.

हे किती गंभीर होऊ शकते, याचा सर्वांत भयंकर दाखला मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराचा आहे. तिथे जस्त चढवलेला पाण्याचा नळ पेट्रोल वाहून नेणाऱ्या पोलादी वाहिनीला अगदी लागून गेला होता. ओल्या मातीत दोन धातूंची बॅटरी झाली, पेट्रोलच्या वाहिनीला भोक पडले आणि पेट्रोल गटारांत झिरपत गेले. २२ एप्रिल १९९२ रोजी स्फोटांनी रस्तेच्या रस्ते उखडले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. इतके लांब जायचे नसेल तर पणजीला पाहू. मांडवीवरचा पूल १९७०मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी नदीत कोसळला. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या पोटातल्या ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. लोखंड मातीत पुरा की काँक्रीटमध्ये, ते दिसेनासे झाले की त्याची आठवण राहत नाही, हा दोन्हीकडचा अनुभव.

आता उपायांकडे येतो, कारण हे पत्र तक्रारीसाठी लिहिलेले नाही. उपाय दोनशे वर्षांपूर्वीच सापडला आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी एक प्रयोग केला. जहाजांच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत असे. त्याने पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजू लागले आणि तांबे वाचले. लोखंड वाचवायचे तर त्याच्याहून लवकर झिजणारे जस्त किंवा मॅग्नेशियम जोडायचे. आजही पोलादी बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात आणि झिजल्या की त्या बदलतात. बंदरावरच्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. वर्गात मी दोन खिळे खाऱ्या पाण्यात ठेवत असे. एक मोकळा, दुसऱ्याला जुन्या बॅटरी सेलचा जस्ताचा पत्रा घट्ट गुंडाळलेला. काही दिवसांत पहिल्या ग्लासातले पाणी तांबडे व्हायचे, दुसऱ्यात पांढुरका गाळ साचायचा आणि खिळा तसाच राहायचा. मुले दोन्ही ग्लास उजेडात धरून पाहत बसत.

जमिनीतही हेच करतात. पाइपच्या बाजूला, थोड्या अंतरावर, मॅग्नेशियमचा ठोकळा पुरायचा. त्याच्याभोवती जिप्सम आणि बेंटोनाइट मातीचे मिश्रण भरायचे, म्हणजे ओल टिकते. ठोकळा तारेने पाइपला जोडायचा. खाजणासारख्या खारट जमिनीत जस्तही पुरते. वाहिनी लांब आणि मोठी असेल तर ठोकळ्यांऐवजी बाहेरून थोडी एकदिश वीज द्यायची. रॉबर्ट कून या अभियंत्याने १९२८ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या गॅसवाहिन्यांवर हे करून दाखवले आणि किती दाब पुरेसा याचे मापही सांगितले. तेच माप जग आजही वापरते : उणे ८५० मिलिव्होल्ट.

हे माप घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक मल्टिमीटर लागतो आणि मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी बुडवलेला एक छोटा नळकांडी इलेक्ट्रोड. मोरचूद म्हणजे आपले बागायतदार सुपारीच्या कोळे रोगावर चुन्याबरोबर फवारतात तोच. इलेक्ट्रोड ओल्या जमिनीवर टेकवायचा, दुसरी तार पाइपवरून वर आणलेल्या टेस्ट पोस्टला लावायची, आकडा वाचायचा. तो उणे ८५० किंवा त्याच्या पलीकडे गेला असेल तर पाइप सुरक्षित. उणे सहाशेच्या आसपास रेंगाळत असेल तर पाइप जमिनीत विरघळतो आहे असे समजायचे. फार पलीकडे जाऊनही चालत नाही, लेप सुटू लागतो, म्हणून हे काम प्रशिक्षित हातांनीच व्हावे. पण वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, आकडे घेणे आपल्या आय.टी.आय.मधून शिकलेल्या मुलांना सहज जमेल.

पेट्रोलियम आणि गॅस वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना हे सारे नियमाने बंधनकारक आहे. अशी वाहिनी जिथून जाते तिथे शेतांच्या बांधावर टेस्ट पोस्टचे खांब दिसतात. गॅसला जी काळजी मिळते ती पिण्याच्या पाण्याला का मिळू नये? गॅस गळला तर स्फोट होतो, म्हणून लगेच कळते. पाणी गळते तेव्हा पुरवठ्याचा काही भाग मातीत जातो, पंपाचे वीजबिल चढते, आणि वाहिनीत दाब नसेल त्या वेळी त्याच भोकातून गटाराचे किंवा खाजणाचे पाणी आत शिरते. हे नुकसान आवाज करत नाही, पण ते गावाच्या आरोग्यावर आणि ग्रामपंचायतीच्या तिजोरीवर दर महिन्याला पडते.

काही अधिकारी म्हणतील, आता आम्ही प्लास्टिकचे, एच.डी.पी.ई.चे पाइप घालतो, प्रश्न मिटला. जिथे ते चालतात तिथे जरूर घालावेत, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण जास्त दाबाची मुख्य वाहिनी, ओढ्यावरून किंवा खाडीवरून जाणारा टप्पा, व्हॉल्व्ह, फ्लँज, त्यांचे नटबोल्ट, पंपघरातली जोडणी ही लोखंडाचीच राहतात. प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये एकटा पडलेला लोखंडी व्हॉल्व्ह आणि त्याचे बोल्ट ही खाऱ्या जमिनीतली सर्वांत कच्ची जागा असते. तन्य ओतीव लोखंडाच्या, म्हणजे डी.आय. पाइपला निदान प्लास्टिकची पिशवी चढवता येते. ती स्वस्त आहे, पण ती फाटू न देणारा माणूस चरात उभा असावा लागतो.

आपल्या पूर्वजांना ही जमीन आणि हे पाणी ठाऊक होते. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. तटाच्या पायाचे चिरे शिसे ओतून बसवले, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. खाऱ्या पाण्यात शिशावर स्वतःचाच राखाडी थर धरतो आणि त्याखाली धातू टिकतो. दिल्लीचा लोहस्तंभही याच विचाराची साक्ष देतो. सोळाशे वर्षे उघड्या हवेत तो जवळजवळ अभंग राहिला, पण १९६१ साली पुरातत्त्व खात्याने तो उपसला तेव्हा जमिनीतला भाग गंजलेला आढळला, आणि पुन्हा रोवताना त्याच्या बुडाला शिशाचा पत्रा गुंडाळावा लागला. हवेत इतका टिकलेला धातूसुद्धा मातीत हरला. जागा पाहून धातू निवडणे आणि धातू पाहून त्याची काळजी घेणे, या दोन गोष्टींना तेव्हाही पर्याय नव्हता, आताही नाही.

म्हणून, महोदय, जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदावरून आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

पहिली, जमिनीची परीक्षा. वाहिनीचा मार्ग आखला की ठरावीक अंतरावर मातीचा विद्युतरोध मोजावा, तोही पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. एक हजार ओहम-सेंटीमीटरच्या खाली आकडा आला तर ती जमीन लोखंडाला अत्यंत मारक मानतात. जमीन मोजल्याशिवाय पाइपचा प्रकार ठरवू नये.

दुसरी, चरातली तपासणी. पाइप उतरवण्याआधी लेपाची ठिणगी-चाचणी व्हावी, म्हणजे डोळ्याला न दिसणारे छिद्रही सापडते. चराच्या तळाला आणि पाइपभोवती गोडी, चाळलेली माती किंवा वाळू घालावी. हाताशी आहे म्हणून पुळणीवरची खारी वाळू किंवा चिऱ्याचा चुरा टाकू देऊ नये. या तपासणीची नोंद मोजमाप पुस्तिकेत झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये.

तिसरी, संरक्षण. पोलादी वाहिनीला मॅग्नेशियमचे किंवा जस्ताचे ठोकळे, ठरावीक अंतरावर टेस्ट पोस्ट, आणि जुन्या वाहिनीला नवी जोडताना मध्ये विद्युतरोधक सांधा. चर उघडा असतानाच हे केले तर एकूण कामाच्या मानाने खर्च किरकोळ असतो. नंतर करायचे तर पुन्हा रस्ता खणावा लागतो.

चौथी, काँक्रीट. भारतीय मानक आय.एस. ४५६ समुद्राच्या तुषारांत येणाऱ्या बांधकामाला सळईवर किमान ५० मिलिमीटर आवरण सांगते, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. जेटी, पूल, टाक्या आणि पुतळ्यांचे चौथरे यांत हे माप काँक्रीट ओतण्यापूर्वी पट्टी लावून तपासले जावे.

पाचवी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, नोंदवही. जिल्ह्यात कुठल्या खात्याने, कुठल्या वर्षी, कोणत्या धातूची वाहिनी किंवा केबल, किती खोलीवर घातली, तिचे टेस्ट पोस्ट कुठे आहेत आणि शेवटचा आकडा किती आला, हे एका नकाशावर असावे. तो ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत लोकांना पाहता यावा. पाणीपुरवठा, महावितरण, बांधकाम, बंदर, दूरसंचार, सगळ्यांनी चर खणण्याआधी तो उघडावा. दोष-दायित्व कालावधी संपताना ठेकेदाराने आणि अभियंत्याने शेवटचे आकडे एकत्र घ्यावेत. झिजलेले ठोकळे बदलण्यासाठी दरवर्षी छोटीशी, पण स्वतंत्र रक्कम ठेवावी.

ज्ञानाची उणीव नाही. तमिळनाडूतल्या कराईकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था गंजावर अनेक दशके काम करते आहे. तिच्या तज्ज्ञांना एकदा मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याचा किनारा पायी दाखवावा. खाजण, पुळण, जांभा आणि मळा या आपल्या चार जमिनींत वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या पुरून ठेवाव्यात आणि दरवर्षी काही काढून वजन करावे. कुडाळ-मालवणच्या महाविद्यालयांतली मुले हे काम आनंदाने करतील. असे आकडे आपल्या हाती आले, की प्रत्येक निविदेत पुण्या-मुंबईचे मापदंड उतरवून घ्यायची गरज उरणार नाही.

राजकोटचा पुतळा पडला तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. नव्या पुतळ्याची नियमित तपासणी होईल, याबद्दल आता जनता जागरूक आहे. तीच जागरूकता चरातल्या पाइपला मिळावी, एवढेच माझे मागणे आहे. तिथे पडझड झाली तर बातमी होत नाही. कुणाच्या तरी घरचा नळ कोरडा पडतो आणि बाई पुन्हा हंडा घेऊन विहिरीवर जाते.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि निदान चालू वर्षात मंजूर होणाऱ्या किनारी तालुक्यांतल्या कामांना या पाच अटी लावण्याचा ठराव करावा. ठराव झाला तर त्याची प्रत सर्व ग्रामपंचायतींना जावी, म्हणजे आपापल्या वाडीत चर बुजवला जाण्याआधी तिथे उभे राहून पाहणारी माणसे आम्ही गावकरी स्वतः उभी करू.

आपला विश्वासू,
मालवणचा एक रहिवासी